जुन्या मोटारीचा रंग उतरविताना

घरातील एखाद्या जुन्या वस्तूस नवा रंग देण्याचा बेत ठरला, म्हणजे सर्वांचे लक्ष नव्या रंगाकडे लागते. तो मोतिया असावा की आकाशी, यावर जेवणाच्या पंगतीत दोन-दोन दिवस वाद चालतात. अंगावरचा जुना रंग कोणत्या उपायाने काढावयाचा हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ते काम मिस्त्रीचे, असे समजून आपण मोकळे होतो. दाराखिडक्यांपुरते हे ठीक आहे. लाकूड थोडे अधिक खरवडले गेले तरी फारसे बिघडत नाही. जुन्या मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो आणि तो एकदा बिघडला, की उत्तमातला उत्तम रंगही त्यास सरळ करू शकत नाही. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला आणि त्याचा निकाल लागेपर्यंत चांगले चार महिने गेले. त्या अवधीत जे पाहिले, वाचले आणि करून घेतले, ते जुनी मोटार पदरी असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल, अशा समजुतीने येथे देत आहो.

आमची मोटार म्हणजे फियाट ११०० डिलाइट. तीर्थरूपांनी ती १९६८ साली घेतली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. त्या काळी मोटार दुकानात जाऊन विकत आणावयाची वस्तू नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि नंबर आला म्हणजे मंगलकार्य निघाल्यासारखी घरात गडबड उडे. हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने सर्वांच्या परिचयाची झाली. त्या टॅक्सीही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. आमची गाडी त्यापूर्वीच कित्येक वर्षे मागील अंगणात छपराखाली विसावली होती. पुतण्याने अभियांत्रिकीची परीक्षा दिल्यावर तिला पुन्हा चालती करण्याचा ध्यास घेतला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांची निराळी नोंदणी करण्याचे नियम सरकारने २०२१ साली केले, हेही त्यानेच आम्हास दाखविले. मूळ स्वरूप म्हटले, की मूळ रंग कोणता याचा शोध करणे ओघानेच आले.

तो शोध घेण्याची रीत सोपी आहे. डिकीच्या झाकणाच्या आतील बाजूस, रुपयाएवढ्या जागेवर, बारीक पॉलिशपेपर पाणी लावून गोल-गोल फिरवावा. मध्यभागी अधिक आणि कडेस कमी घासले, म्हणजे कांदा आडवा कापल्याप्रमाणे एकात एक वर्तुळे उमटतात आणि गाडीस किती वेळा रंग दिला ते मोजता येते. आमच्या गाडीवर चार रंग निघाले. सर्वांत वरचा पांढरा धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळचा. त्याखालचा निळा कोणाच्या आवडीने दिला यावर वडील मंडळींत अजूनही मतभेद आहेत. त्याखाली एक करडा, आणि अगदी तळाशी तांबूस अस्तरावर बसलेला फिकट हिरवा. कारखान्यातून गाडी आली ती या हिरव्या रंगात. आमच्या मातोश्रींस हा हिरवा रंग पक्का आठवत होता. इतकी वर्षे त्यांचे कोणी ऐकले नव्हते इतकेच.

तांबूस अस्तराविषयी येथेच दोन शब्द सांगितले पाहिजेत. असे अस्तर दोन प्रकारचे असू शकते. एक लोहाच्या गंजापासून केलेले, म्हणजे रेड ऑक्साइड. ते त्या मानाने निरुपद्रवी. दुसरे शिशापासून केलेले. हे दुसरे म्हणजे आपल्या मारुतीस लावावयाचा पारंपरिक शेंदूरच. दोहोंतील फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी व हिरव्या छटांत, शिशाचे क्षार घालीत असत. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, आणि तीही घरांच्या रंगांपुरती. म्हणून आम्ही खरवडलेली पूड प्रयोगशाळेत तपासून घेतली. तळच्या हिरव्या थरात शिसे निघाले. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते आणि आमच्या अंगणात तर दिवसभर पाच मुले खेळत असतात. तेव्हा हे काम घरी करावयाचे नाही, इतके पहिल्याच दिवशी ठरले.

थोरल्या बंधूंचे मत मात्र हातानेच रंग काढावा असे होते. घाईने केलेले काम देवासही आवडत नाही, असे ते म्हणत आणि दाखला सप्तशृंगीचा देत. वणीच्या देवीवरील शेकडो वर्षांचा शेंदराचा लेप २०२२ साली काढण्यात आला, तेव्हा आतील मूर्तीचे मूळ रूप भक्तांस दिसले. घरातील बायकामाणसे त्या वर्षी मुद्दाम दर्शनास गेली होती, त्यामुळे हा दाखला सर्वांस पटला. आमच्या मतेही हाताची रीत वाईट नाही. पाणी लावून घासले तर धूळ उडत नाही आणि पत्र्याच्या अंगास धक्का लागत नाही. परंतु मोटारीस केवळ सपाट अंगे नसतात. दारांच्या घड्या, बिजागऱ्यांच्या खोबणी, मडगार्डांच्या आतील वळणे, वाऱ्याची जाळी या ठिकाणी हात पोहोचत नाही, आणि गंज नेमका तेथेच दबा धरून बसलेला असतो. रसायन लावून रंग फुगविण्याचाही मार्ग आहे; परंतु ते रसायन सांध्यांत मुरून राहते आणि नवा रंग दिल्यावर काही महिन्यांनी फोडाच्या रूपाने वर येते. म्हणून गावातील बहुतेक मिस्त्री एकच उपाय सांगतात, ‘ब्लास्टिंग करून टाका.’

ब्लास्टिंग म्हणजे दाबाखालील हवेच्या झोताबरोबर बारीक दाणे पत्र्यावर फेकणे. या युक्तीचे पेटंट फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन या गृहस्थांनी १८७० साली घेतले. त्यांनी दाणे म्हणून वाळू वापरली आणि तेव्हापासून ‘सँड ब्लास्टिंग’ हे नाव रूढ झाले. आज दाणे कोणतेही असोत, नाव तेच चालते. आणि या नावाच्या गोंधळातच पुष्कळ घोटाळे होतात. शहराबाहेरील एका छपरात ‘सँड ब्लास्टिंग’ची पाटी पाहून आम्ही व पुतण्या चौकशीस गेलो. दर इतका स्वस्त सांगितला, की थोरल्या बंधूंनीही मान डोलावली असती. पलीकडे एक लोखंडी फाटक साफ करण्याचे काम चालले होते. धुळीच्या ढगात एक मुलगा नळी धरून उभा होता. वय अठरा-वीसच्या पलीकडे नसावे. तोंडावर हातरुमाल बांधलेला, डोळ्यांस साधा चष्मा. दाणे कोणते, असे विचारता मालकाने मोठ्या अभिमानाने नदीच्या चाळलेल्या वाळूचे पोते दाखविले. आम्ही काही न बोलता परत आलो.

वाळूत वाईट काय, असे वाचक विचारतील. कारण मुले तर वाळूत खेळतात. परंतु वाळूचा कण पत्र्यावर वेगाने आपटला म्हणजे फुटतो, आणि त्याच्या ठिकऱ्या इतक्या सूक्ष्म होतात, की त्या नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तेथे त्या विरघळत नाहीत, बाहेर पडत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुसाचे मांस व्रणासारखे कठीण होत जाते. यास सिलिकोसिस म्हणतात. हा रोग बरा करणारे औषध अद्याप नाही, आणि ज्यास तो झाला त्यास क्षयही लवकर गाठतो. पाटीवर श्रीगणेशा गिरविण्यासाठी आपण ज्या दगडी पेन्सिली वापरीत होतो, त्या पुष्कळशा मध्य प्रदेशातील मंदसोरकडून येत. त्या कापणाऱ्या कामगारांत हाच रोग मोठ्या प्रमाणावर आढळला होता. ब्रिटनने १९४९ साली कारखान्यांतील ओतीव वस्तू साफ करण्याच्या कामी वाळूचा मारा नियमाने बंद केला. तुर्कस्तानात विटके दिसणारे जीनचे कापड करण्यासाठी तरुण कामगार वाळूचा मारा करीत. त्यांपैकी कित्येक सिलिकोसिसने दगावले, तेव्हा २००९ साली तेथील सरकारने ती रीत बंद केली. हे सर्व आम्ही घरी वाचून दाखविले. पुतण्याच्या अंगात त्या वेळी तशीच विटकी विजार होती. तो तिच्याकडे पाहत बराच वेळ बसला. मातोश्री एवढेच म्हणाल्या, ‘आपल्या हौसेच्या गाडीसाठी परक्याच्या पोराची छाती नको.’ त्यांचा शब्द घरात शेवटचा असतो. वाळू त्या क्षणी बाद झाली.

हा झाला माणसाचा विचार. पत्र्याचा अजून राहिलाच होता. जाणत्या मंडळींतही असा समज आढळतो, की माऱ्याच्या उष्णतेने पत्रा वाकतो, म्हणून हात न थांबविता झोत फिरवीत राहावे. उष्णतेचा भाग थोडा असेल; मुख्य कारण दुसरे आहे. प्रत्येक दाणा म्हणजे एक लहानशी हातोडी. लाखो हातोड्या एकाच बाजूवर पडल्या म्हणजे त्या बाजूची कातडी ताणून पसरते, मागची मात्र होती तेवढीच राहते. अर्थात पत्रा मार खाल्लेल्या बाजूस फुगतो. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील जॉन आल्मेन यांनी १९४० च्या दशकात याच गुणाचा उपयोग करून माऱ्याचा जोर मोजण्याची युक्ती काढली. पोलादाची पातळ पट्टी एका अंगाने ठोकून घ्यावयाची आणि ती किती वाकली ते मोजावयाचे. यंत्रांच्या स्प्रिंगांस असा मार मुद्दाम देतात, कारण त्याने त्यांचे आयुष्य वाढते. मोटारीच्या दारास तो घातक होतो.

पुतण्यास वाचलेले प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चैन पडेना. त्याने जुन्या बाजारातून अशाच एका गाडीचे पोचे आलेले दार आणविले, त्यावर मध्यभागी उभी रेघ मारली, आणि भोसरीकडील एका कारखान्यात जाऊन डाव्या अर्ध्यावर कठीण दाण्यांचा, उजव्या अर्ध्यावर मऊ दाण्यांचा मारा करून घेतला. दार घरी आल्यावर त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरून आम्ही सर्वांनी पाहिले. उजव्या बाजूस पट्टी नीट टेकत होती. डावी बाजू तळलेल्या पापडाप्रमाणे फुगली होती. तळहाताने दाबली, की ‘टप्’ असा आवाज करून आत जाई आणि हात काढताच पुन्हा वर येई. ते दार अद्याप घरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्यास मुले ते दाबून दाखवितात.

दाणे मऊ म्हणजे किती मऊ? खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी एक पायरी आहे, तीत हिरा दहावर बसतो. वाळू सुमारे ७, गार्नेट ७ ते ७॥, ॲल्युमिनियम ऑक्साइड ९. मोटारीचा साधा पोलादी पत्रा मात्र ४ च्या जवळपास. आता खाण्याचा सोडा पाहा, तो २॥. प्लॅस्टिकचे दाणे ३ ते ४. रंग फोडण्यास पुरेसा कठीण परंतु पत्र्याहून मऊ, असा दाणा निवडला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे हवेच्या दाबावर अवलंबून असते. पुलाचे लोखंड साफ करताना दर चौरस इंचास नव्वद-शंभर पौंडांचा दाब लावतात. मोटारीच्या बॉनेटवर तीस-चाळीसच्या वर जाण्याचे कारण नाही. झोतही समोरून ठोकल्यासारखा न मारता तिरपा धरावा, म्हणजे रंग सालीसारखा सुटत जातो.

सोड्याचा मारा होतो हे ऐकून घरातील बायकांस विशेष कौतुक वाटले. ढोकळा फुगविणारा सोडा मोटार सोलतो, ही कल्पनाच त्यांस गमतीची वाटली. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८६ च्या शताब्दीपूर्वी जी दुरुस्ती झाली, तीत आतील बाजूचे रंगाचे थर द्रवरूप नायट्रोजनने सोडविले आणि त्याखालचे डांबर सोड्याच्या माऱ्याने काढले. पुतळ्याचा तांब्याचा पत्रा सुमारे अडीच मिलिमीटरचाच. त्यास इजा झाली नाही. परंतु सांध्यांतून काही सोडा बाहेर पाझरला आणि बाहेरच्या हिरव्या झाकेवर निळसर डाग उठले. सोड्याचा दोष हाच आहे. तो मागे राहतो. पत्र्यावर त्याचे पूट राहिले आणि ते नीट धुतले गेले नाही, तर वरचा रंग धरत नाही. गंज तर सोड्याने निघतच नाही. शिवाय तो अंगणात सांडला, तर झाडे जळतात. आमच्या वृंदावनातील तुळशीचा विचार करूनच सोडा बाद करावा लागला असता. अक्रोडाच्या टरफलांचा चुराही वापरतात. तो सौम्य आहे, परंतु जाड रंगावर फार वेळ खातो.

पाणी मिसळून मारा करण्याची एक रीत आहे. तिने धूळ बसते हे खरे, परंतु उघडा पत्रा ओला झाला म्हणजे तासाभरात त्यावर तांबूस झाक येते; कोकणात तर पाहावयास नको. गोठविलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या गोळ्यांचाही मारा करतात. त्यांचे तापमान शून्याखाली ७८ अंश असते आणि त्या वाफ होऊन नाहीशा होत असल्याने मागे काही उरत नाही. वंगण आणि गाडीखालचे डांबर काढण्यास ती रीत नामी. पक्क्या बसलेल्या रंगापुढे तिचे फारसे चालत नाही. लेझर किरणांनीही रंग काढता येतो म्हणतात. त्याचा दर ऐकून आम्ही पुढे विचारले नाही.

शेवटी पसंती पडली ती प्लॅस्टिकच्या दाण्यांस. विमानांचे पातळ पत्रे रसायनांशिवाय सोलता यावेत म्हणून अमेरिकेच्या हवाई दलाने १९८० च्या दशकात ही रीत पुढे आणली. आपल्याकडे साचे साफ करणाऱ्या कारखान्यांत हे दाणे मिळतात. बॉनेट, टप, दारे, मडगार्डे आणि डिकी यांवर हेच दाणे वापरावयाचे ठरले. मात्र प्लॅस्टिकनेही गंज निघत नाही. म्हणून चाकांच्या तबकड्या, स्प्रिंगांचे पट्टे आणि गाडीच्या पोटाखालचे जाड लोखंड यांसाठी बारीक गार्नेट घेतले. एकाच गाडीस दोन दाणे कशास, असे बंधूंनी विचारले. त्यावर वहिनींनी उत्तर दिले, की कढई आणि चांदीचे ताट एकाच काथ्याने कोणी घाशीत नाही. कारखाना निवडताना आम्ही दरापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या. काम बंद खोलीत चालते की उघड्यावर, आणि नळी धरणाऱ्याच्या डोक्यावर बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण आहे की नाही. गार्नेटमध्ये मोकळी सिलिका नाममात्र असली, तरी आमच्या रंगात शिसे होते, आणि दाणे कोणतेही असोत, ते त्याची धूळ उडविणारच. तीन ठिकाणी ‘मास्क देतो’ एवढेच उत्तर मिळाले. चौथ्या ठिकाणी शिरस्त्राण दिसले. तेथे दर जवळजवळ दुप्पट होता. तो दिला.

या गाडीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत खालचा सांगाडा निराळा आणि वरचा खोका निराळा असतो. खोका उचलून वेगळा साफ करता येतो. फियाट ११०० चे तसे नाही. तिचा खोका व सांगाडा एकच असून, दारांखालच्या पट्ट्या आतून पोकळ पेट्यांसारख्या आहेत. मारा करताना दाणे या पेट्यांत शिरतात आणि पाणी जाण्याची भोके बुजवून बसतात. पुढे पावसाचे पाणी आत साचून पत्रा आतून कुजतो. त्यासाठी काचा, आसने, रबरी पट्ट्या सर्व उतरवून, जेथे जेथे भोक दिसेल तेथे लाकडी खुंटी व चिंधी ठोकून घेतली. इंजिन तर आधीच बाहेर काढले होते. एवढे करूनही काम झाल्यावर पुतण्याने हवेच्या नळीने दोन दिवस पेट्या फुंकल्या, आणि आजही दार जोराने लावले, की खालून साबुदाण्याच्या कण्यांसारखे पाच-दहा दाणे गळतात.

काम पौषात करविले. त्या महिन्यात पुण्याची हवा कोरडी असते आणि उघडा पत्रा तग धरतो. तरीही सकाळी सोललेल्या भागास संध्याकाळच्या आत इपॉक्सीचे अस्तर मिळालेच पाहिजे, अशी अट आम्ही लेखी घातली होती, आणि उघड्या पत्र्यास कोणी हात लावू नये असेही बजाविले होते. बोटांच्या घामाचा ठसा दुसऱ्या दिवशी गंजाच्या रूपाने उमटतो. पांढरा रंग गेला, निळा गेला, करडा गेला, आणि डाव्या मडगार्डावर वीतभर लांबीचा थर लागला. तो सुटल्यावर खाली पोचा आणि पोच्यात चाळणीसारखी भोके. हा अपघात कोणाच्या हातून झाला ते घरात सर्वांस ठाऊक आहे, परंतु ते काका आज हयात नाहीत, म्हणून कोणी बोलले नाही. वाळूच्या जोरदार माऱ्याने त्या जागी पत्रा फाटलाच असता. मिस्त्रीने तेवढा तुकडा कापून नवा जोडला. बाकी मडगार्ड मूळचेच राहिले.

डिकीच्या झाकणाची आतील बाजू मात्र आम्ही सोलू दिली नाही. तेथे मूळचा हिरवा रंग हातभर जागेत शाबूत होता. त्यावर ऊन पडलेले नसल्याने तो विटलाही नव्हता. रंगाच्या दुकानातील यंत्राने त्याचे माप घेऊन तशीच छटा तयार केली, तिचा एक हात लहानशा पत्र्यावर मारून सुकविला आणि तो पत्रा मातोश्रींपुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात नेऊन दोन्ही अंगांनी पाहिला आणि किंचित पिवळा अधिक झाला आहे असे सांगितले. दुकानदाराने दुसऱ्यांदा माप घेतले, तेव्हा त्यांचेच म्हणणे खरे निघाले. तिसरा पत्रा येत्या गुरुवारी यावयाचा आहे.